लाकडी जमीन करायची तर आधी ओल पाहा

फ्लोअरिंगच्या दुकानात गेलं की समोर नमुन्यांच्या पट्ट्या मांडल्या जातात आणि पहिला प्रश्न रंगाचा येतो. फिकट हवा की गडद, ओक की वॉलनट, चकचकीत की मॅट. आपणही त्यातच रमतो. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या जमिनीचं काय होणार, हे रंगावर ठरत नाही. घरातल्या हवेत आषाढात किती ओल असते आणि वैशाखात ती किती कोरडी पडते, खालच्या स्लॅबमध्ये किती पाणी उरलंय, आणि रोजची फरशी कोण कशी पुसतं, यावर ते ठरतं. त्यामुळे या लेखात रंग अगदी शेवटी येईल, तोही थोडक्यात.

लाकडी जमिनीची हौस हल्ली अनेक घरांत परदेशातून येते. मुलीकडे न्यू जर्सीला किंवा मुलाकडे टोरोंटोला चार महिने राहून आलेल्या आईवडिलांना तिथली ओकची जमीन आवडलेली असते. पायाला गार लागत नाही, गुडघ्यांना बरी वाटते, खोली उबदार दिसते. हे सगळं खरंच आहे. पण तिथलं घर बहुधा लाकडी सांगाड्याचं असतं. सांगाड्यावर प्लायवूड ठोकलेलं असतं आणि त्यावर ओकच्या पट्ट्या खिळ्यांनी बसवलेल्या असतात. आपल्याकडे खाली सिमेंटचा स्लॅब असतो, त्यावर कोबा आणि त्यावर बहुतेक वेळा व्हिट्रिफाइड टाइल. तिथे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा सुकते आणि पट्ट्यांमध्ये बारीक फटी पडतात. आपल्याकडे खरी अडचण पावसाळ्यात येते आणि ती फुगण्याची असते. तिथलं लाकूड आणि तिथली पद्धत जशीच्या तशी उचलून आणली की पहिल्या दोन पावसाळ्यांत पस्तावायची वेळ येते.

लाकूड तोडून, कापून, पॉलिश करून झाल्यावरही हवेतली ओल शोषत आणि सोडत राहतं. पॉलिशमुळे ही देवाणघेवाण मंदावते, बंद होत नाही. हवेत 30 टक्के आर्द्रता असेल तर लाकडातलं पाणी 6 टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतं. 80 टक्के आर्द्रतेत तेच 15-16 टक्क्यांपर्यंत चढतं. आता आपली गावं पाहा. मुंबईत आणि किनारपट्टीवर हवा बारा महिने दमट असते, पावसाळ्यात आणखी चढते, पण वर्षभरातला फरक त्या मानाने कमी. पुण्यात, नाशकात, छत्रपती संभाजीनगरात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता 20-25 टक्क्यांवर उतरते आणि ऑगस्टमध्ये 80 च्या वर जाते. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्याचा कोरडेपणा त्याहून कडक. म्हणजे लाकडाची सगळ्यात जास्त ओढाताण मुंबईत होत असेल असं वाटतं, पण ती देशावर आणि विदर्भात होते. मुंबईतला धोका निराळा. तिथे लाकडाला सुकायला उसंतच मिळत नाही आणि बुरशी लवकर धरते.

ही ओढाताण किती असते, ते एकदा हिशेब मांडून पाहणं बरं. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत सागवान साधारण 5 टक्क्यांनी आक्रसतं आणि पांढरा ओक 10 टक्क्यांच्या आसपास. घरात ऋतूप्रमाणे लाकडातलं पाणी 5 टक्क्यांनी वरखाली झालं, तर 120 मिलिमीटर रुंदीची सागवानी पट्टी जवळपास 1 मिलिमीटरने हलते आणि तेवढीच ओकची पट्टी 2 मिलिमीटरने. आकडा किरकोळ वाटतो. पण दहा फुटांच्या खोलीत अशा पंचवीस पट्ट्या बसतात, आणि सगळ्यांचं हलणं एकाच दिशेला जमा होत जातं. सागवानाचं इंचभर होतं, ओकचं दोन इंच. ही जागा भिंतीपाशी मिळाली नाही तर जमीन खोलीच्या मधोमध उचलली जाते, किंवा प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा वर येऊन पन्हळीसारखी दिसायला लागते. मिस्त्रीचं काम कच्चं होतं असं आपण म्हणतो. पुष्कळदा लाकूड निवडतानाच चूक झालेली असते.

दुकानात पट्टी हातात आली की वरच्या चकचकीत बाजूकडे नंतर पाहा. आधी ती आडवी धरून कापलेलं टोक डोळ्यांसमोर आणा. त्या टोकावर झाडाच्या वाढीच्या वर्तुळांचे तुकडे रेषांसारखे दिसतात. त्या रेषा पट्टीच्या रुंदीला समांतर, आडव्या आणि जरा कमानीसारख्या पडल्या असतील, तर ती फळी ओंडक्याच्या कडेकडून सरळ कापून काढलेली आहे. वरून तिच्यावर डोंगरासारखी सुंदर नक्षी दिसते, पण ओलीबरोबर तीच जास्त हलते आणि तिच्याच कडा वर येतात. रेषा उभ्या असतील तर फळी ओंडक्याच्या केंद्राच्या दिशेने कापलेली आहे. वरून ती साधी दिसते, लांबलचक सरळ रेषांची, पण रुंदीतलं तिचं हलणं जवळपास निम्मं असतं. असं कापताना लाकूड वाया जातं म्हणून ती महाग पडते. अस्सल लाकडाची जमीन करायची असेल तर माझा आग्रह उभ्या रेषांच्या आणि अरुंद, 75 ते 90 मिलिमीटरच्या पट्ट्यांचा आहे. रुंद पट्ट्यांची सध्या फॅशन आहे. आपल्या हवेत अस्सल लाकडात ती फॅशन झेपत नाही.

‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून दुकानात चार वेगळ्या वस्तू एकाच टेबलावर येतात आणि दरपत्रकातही शेजारी बसतात, म्हणून त्या ओळखता आल्या पाहिजेत. अस्सल लाकूड म्हणजे वरपासून खालपर्यंत एकाच झाडाची फळी, साधारण 18 ते 20 मिलिमीटर जाडीची. इंजिनिअर्ड वूडमध्ये वर खऱ्या लाकडाचा थर असतो आणि त्याखाली एकमेकांना आडवे चिकटवलेले प्लायचे थर. लॅमिनेट म्हणजे दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या पाटीवर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर कडक पारदर्शक थर. एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांची पाटी, त्यावरही चित्रच. शेवटच्या दोन्हींमध्ये वरून दिसतं ते लाकूड नसतं. ते घ्यायला हरकत नाही, भाड्याच्या घरात किंवा मुलांच्या खोलीत ते शहाणपणाचंही ठरतं. मात्र लॅमिनेट घासून पुन्हा नवं करता येत नाही, आणि सांध्यातून पाणी आत गेलं की त्याची कड फुगते, ती पुन्हा बसत नाही. एसपीसीला पाण्याची भीती नाही, पण पायाला ते प्लास्टिकच लागतं.

आपल्या शहरांतल्या बहुतेक फ्लॅटसाठी मी इंजिनिअर्ड वूड सुचवेन. खालचे आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे वरचं लाकूड ओकचं असलं तरी पट्टी फार हलत नाही, आणि त्यात रुंद पट्ट्याही चालून जातात. पण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण इंजिनिअर्ड वूडच्या किमतीचा जीव वरच्या थराच्या जाडीत असतो आणि ती दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. ‘15 एमएम आहे साहेब’ असं सांगितलं जातं. ती पूर्ण पट्टीची जाडी. वरचं खरं लाकूड त्यात 4 मिलिमीटर असू शकतं, 2 असू शकतं आणि कागदासारखं 0.6 सुद्धा असू शकतं. जमीन एकदा मशीनने घासून नव्याने पॉलिश करताना अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जातं. म्हणजे 4 मिलिमीटरचा थर दोन-तीन वेळा नवा करता येतो आणि 0.6 चा एकदाही नाही. तो लॅमिनेटइतकाच वापरून टाकून द्यायचा, पैसे मात्र लाकडाचे मोजायचे. खिशात लहान मोजपट्टी ठेवा, नमुन्याच्या कापलेल्या टोकावर लावा आणि वरचा थर स्वतः मोजा. 3 मिलिमीटरच्या खालचं इंजिनिअर्ड वूड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढे पैसे नसतील तर चांगलं लॅमिनेट घ्या, त्यात फसवणूक तरी नाही.

त्याच टोकाकडे पाहताना मधला गाभाही तपासा. प्लायचे वेगवेगळे थर दिसले तर बरं. मध्ये तपकिरी, एकसारखी, भुसा दाबल्यासारखी पाटी दिसली तर ती ओलीला लवकर हार जाते. चिकटवण्यासाठी वापरलेल्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, त्यामुळे पेटीवर किमान ‘ई1’ हा दर्जा लिहिलेला हवा. लहान मूल किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर याबाबत तडजोड नको.

आता लाकडाच्या जातीबद्दल. आपल्याकडे आजही सागवानाला तोड नाही, आणि यात जुनेपणाचं प्रेम नाही. त्याच्यात स्वतःचं तेल असतं, ते हलतं कमी आणि त्याच्या पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. दुकानदार मात्र कडकपणाचा आकडा पुढे करतात. जांका चाचणीत 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतायला किती जोर लागतो ते मोजतात. सागवानाला हजार ते साडेअकराशे पौंड, पांढऱ्या ओकला 1360, ब्राझीलच्या जाटोबाला दोन हजारांच्या पुढे. मग ‘ओक सागापेक्षा मजबूत’ असं सांगून मोकळे होतात. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की टाचेच्या सँडलने किंवा हातातून निसटलेल्या बत्त्याने किती खोल वण पडेल. घरात आपण अनवाणी वावरतो. आपल्याला वणापेक्षा ओलीची काळजी जास्त, आणि ओलीबाबत हा आकडा काहीच सांगत नाही.

सागवान कुठलं, हेही विचारायला हवं. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान देशात नावाजलेलं आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी सागवान गेलं ते बल्लारपूरहून, आणि नव्या संसद भवनातल्या कामासाठीही नागपूरहून सागवान नेलं होतं. वन खात्याच्या आणि वनविकास महामंडळाच्या आगारांतून लिलावाने ते वखारींकडे येतं. ओळखीची वखार असेल तर फळ्या कापून, वाळवून, पट्ट्या पाडून घेता येतात. ‘बर्मा टीक’ मात्र डोळे मिटून घेऊ नका. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतरही बाजारात त्या नावाचं लाकूड कधी कमी पडलेलं दिसत नाही. आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचं सागवान आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर येतं. ते वाईट नसतं, पण ते कोवळ्या झाडांचं असू शकतं आणि त्यात फिकट, पांढुरक्या बाहेरच्या लाकडाचा भाग जास्त निघतो. हा पांढुरका भाग वाळवीला आवडतो. पट्टीवर सोनेरी तपकिरी रंगाच्या कडेला साय धरल्यासारखा फिकट पट्टा दिसला तर ती पट्टी बाजूला काढायला सांगा. पॉलिश करताना रंग लावून हा पट्टा झाकतात, म्हणून पाहायचं ते पॉलिशच्या आधी.

याच्या उलटंही होतं. नुकतंच रंधलेलं सागवान कधी कधी डागाळलेलं, हिरवट-काळपट रेघांचं दिसतं आणि लोक घाबरून माल परत करतात. त्या रेघा उजेडात काही दिवसांत बऱ्याच मिटतात आणि रंग एकसारखा सोनेरी होतो. दोन-तीन पट्ट्या खिडकीपाशी ठेवून आठवडाभराने पाहा आणि मगच ठरवा.

बांबूची जमीनही आता मिळते. नव्या संसद भवनात त्रिपुरातल्या बांबूची जमीन केली आहे. धागे सुटे करून, डिंक घालून जबर दाबाखाली केलेली पाटी फार कडक असते. पण तिचा दर्जा डिंकावर आणि वाळवण्यावर अवलंबून आणि तो कारखान्यागणिक बदलतो. पेटी उघडून ओल मोजल्याशिवाय घेऊ नये.

ओल मोजायचं यंत्र फार महाग नसतं आणि चांगल्या मिस्त्रीकडे ते असतंच. दोन टोकदार सुया लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. माल उतरवताना चार-पाच पेट्यांमधली एकेक पट्टी तपासायला सांगा. देशावर 8 ते 11 टक्के आणि किनाऱ्यावर 10 ते 13 टक्क्यांच्या दरम्यान आकडा असावा. सगळ्या पट्ट्यांचा आकडा एकमेकांच्या जवळपास असणंही तितकंच महत्त्वाचं. एक 8 आणि दुसरी 16 असेल, तर तो माल नीट वाळवलेला नाही, मग नाव कितीही मोठं असो.

कुठे लाकडी जमीन करू नये, हे मला अधिक ठासून सांगायचं आहे. स्वयंपाकघरात नको, बाथरूमच्या दाराशी नको. तळमजल्यावर, जिथे खाली थेट जमीन आहे, तिथे बांधतानाच ओल अडवणारा थर आणि वाळवीचा उपचार झालेला असेल तरच विचार करा. वाळवी अडवण्यासाठी भारतीय मानक 6313 आहे, आणि त्यात नव्या तसंच जुन्या इमारतींसाठीही पद्धत सांगितली आहे. काम करणाऱ्याला हा क्रमांक माहीत नसेल तर दुसरा माणूस शोधा. भिंतीच्या तळाशी, स्कर्टिंगच्या वर मातीची बारीक वाट चढताना दिसली, तर जमिनीचा बेत तिथेच थांबवा आणि आधी वाळवीचा बंदोबस्त करा.

आणि कोकणातलं बंद घर. मुंबईत राहणाऱ्या पुष्कळांचं गावी घर असतं. ते आता सुधारून घ्यायचं, ओटीवर आणि माजघरात लाकडी जमीन करायची, असं मनात असतं. मेच्या शेवटी कुलूप लागतं ते थेट गणपतीला उघडतं. तीन महिने खिडक्या बंद, बाहेर मुसळधार पाऊस आणि आत कोंडलेली दमट हवा. अशा घरात तळाला लाकूड टिकवणं अवघड आहे, कितीही चांगलं घेतलं तरी. जुन्या माणसांनी खाली मातीची सारवलेली जमीन ठेवली आणि फळ्या घातल्या त्या माडीवर, माळ्यावर, जिथे खालून-वरून वारा फिरतो. पुण्यातल्या वाड्यांतही फळ्यांची जमीन वरच्याच मजल्यांना होती. हौस असेल तर तुम्हीही माडीवर करा आणि खाली कोबा किंवा लादी ठेवा.

फ्लॅटमध्ये शयनगृह ही सगळ्यात योग्य जागा. बैठकीची खोलीही चालते, पण तिला पश्चिमेची उघडी बाल्कनी असेल तर दारापासून दोन-तीन फूट पट्टा लादीचाच ठेवा. पावसाची झड तिथपर्यंत येतेच. एसीच्या निचऱ्याची नळी तुंबून भिंतीवरून पाणी ओघळणं ही मुंबई-ठाण्याच्या घरांत लाकडी जमीन खराब होण्याची अगदी नेहमीची तऱ्हा आहे. जमीन करण्याआधी ती नळी साफ करून तिचा उतार तपासून घ्या. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल असेल तर तीही आधी दुरुस्त करा.

स्लॅब कोरडा आहे का ते घरच्या घरी पाहता येतं. दोन फूट चौकोनी जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरा, चारही कडा रुंद टेपने हवाबंद चिकटवा आणि चोवीस तास ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले किंवा खालचं सिमेंट काळपट झालं, तर अजून थांबायला हवं. नव्या इमारतीत घाई करणारे याच ठिकाणी अडकतात. कोबा वरून सुकलेला दिसतो, आतून सुकायला इंचाला महिना धरावा, आणि पावसाळ्यात त्याहूनही जास्त. ही परीक्षा ऑगस्टमध्ये करणं सगळ्यात चांगलं, कारण घराचं खरं रूप तेव्हाच कळतं. काम मात्र दिवाळीनंतर करा. तेव्हा हवा मध्यम असते. मेमध्ये बसवलेली जमीन जुलैत फुगायला जागा मागते, आणि जुलैत बसवलेली जमीन एप्रिलमध्ये फटी दाखवते.

माल घरात आला की लगेच बसवायचा नाही. इंजिनिअर्ड पट्ट्या दोन-तीन दिवस आणि अस्सल लाकूड एक-दोन आठवडे त्याच खोलीत ठेवायचं. लाकूड असेल तर पेट्या उघडून, मध्ये काठ्या घालून, हवा खेळेल अशी चळत लावायची. तोवर पीओपी, प्लंबिंग आणि रंगाचे ओले हात सगळे उरकलेले हवेत.

बसवताना मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहायची गरज नाही, तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरे. भिंतीपासून सगळीकडे 10 ते 12 मिलिमीटर जागा सोडलीय का, कोपऱ्यात आणि दाराच्या चौकटीपाशीसुद्धा? ती जागा स्कर्टिंगखाली झाकली जाते, त्यामुळे दिसायला काही बिघडत नाही. अस्सल लाकडाला मोठ्या खोलीत याहून जास्त जागा लागते, हे वरच्या हिशेबावरून लक्षात येईल. स्कर्टिंग भिंतीला ठोकलंय की जमिनीला? जमिनीला ठोकलं तर सोडलेल्या जागेचा उपयोगच गेला. आणि खालची पातळी तपासलीय का? दोन मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली 3 मिलिमीटरहून जास्त फट नको, नाहीतर चालताना जमीन दबते आणि करकरते. जुनी टाइल न उखडता तिच्यावर फोमचा थर टाकून तरंगती जमीन करता येते, पण तेव्हा जमीन दीड-पावणेदोन सेंटिमीटरने वर येते. दारं घासतील, ती खालून कापावी लागतील. हे काम कोणाचं आणि पैसे कोणाचे, हे आधीच ठरवून घ्या. भिंतीतली जड कपाटं तरंगत्या जमिनीवर उभी करू नका. आधी कपाट, मग त्याच्या कडेपर्यंत जमीन. कपाटाच्या वजनाखाली ती एका बाजूने दाबली गेली की दुसऱ्या बाजूने उचलते.

पॉलिशचे दोन मार्ग आहेत. पीयूचा थर पाण्याला बऱ्यापैकी अडवतो, पण ओरखडा पडला की तेवढाच भाग दुरुस्त करणं कठीण, सगळी खोली घासावी लागते. मेणतेलाचा हात दिलेल्या जमिनीची देखभाल जास्त, पण जिथे बिघडेल तिथे तेवढाच तुकडा घासून तेल लावता येतं. ज्या घरात झोपाळा आहे तिथे मला मेणतेल आवडतं, कारण झोपाळ्याखाली पाय टेकून टेकून एकाच जागी पॉलिश उडतं, आणि तो तुकडा दरवर्षी घरच्या माणसाला नीट करता येतो. हळदीचा डाग मात्र तेलाच्या जमिनीत शिरतो. तो घासू नका. उन्हाचा कवडसा तिथे येत असेल तर हळद आपोआप फिकी होत जाते.

आता रोजच्या सफाईबद्दल. जमीन दहा वर्षं टिकणार की तीन, हे खरं तर कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात असतं, आणि त्यांना काहीच न सांगता नंतर बोल लावणं योग्य नाही. पहिल्याच दिवशी सोबत उभं राहून दाखवा. आधी मऊ कुंच्याने केर काढायचा, मग घट्ट पिळलेल्या, नुसत्या दमट फडक्याने पुसायचं, आणि ओल दोन-तीन मिनिटांत सुकायला हवी. फिनेल, सोडा, ॲसिड बंद. या खोलीचं फडकं आणि बादली वेगळीच ठेवा, म्हणजे घाईत चूक होत नाही. बाहेरच्या दाराशी जाड पायपुसणं हवं, कारण पाण्याच्या खालोखाल वाळू ही लाकडाची शत्रू. रांगोळीचंही तसंच. ती शिरगोळ्याच्या दगडाची पूड आहे, पायाखाली येऊन पसरली की पॉलिशवर बारीक ओरखडे उमटतात. देवासमोरची रांगोळी पाटावर काढावी, दारातली उंबरठ्याच्या बाहेर. समईखाली रुंद तबक ठेवा. कुंड्या पायांच्या स्टँडवर ठेवा, थेट ताटलीत नको, ताटलीखाली ओल कोंडते आणि काळं वर्तुळ पडतं.

रंगाबद्दल एवढंच. फार गडद जमिनीवर धूळ आणि ओरखडे ठळक दिसतात, फार फिकटवर हळद-कुंकू. मधल्या तपकिरी रंगाची, जरा रेघा दिसणारी, मॅट जमीन आपल्या घरांना सोपी जाते. नमुना दुकानातल्या दिव्यांखाली पाहून पक्का करू नका. घरी आणून दिवसा आणि रात्री, दोन्ही उजेडांत जमिनीवर आडवा ठेवून पाहा. गालिचा पहिलं वर्षभर अधूनमधून सरकवत राहा, नाहीतर त्याखालचा रंग वेगळा राहतो.

दरपत्रक घेताना चौरस फुटाच्या भावाला भुलू नका. फोम, ओल अडवणारं प्लास्टिक, स्कर्टिंग, दारातली जोडपट्टी, लेव्हलिंग, माल वर चढवण्याची मजुरी, दारं कापणं यातलं काय भावात आहे आणि काय नाही, हे लेखी घ्या. स्कर्टिंग रनिंग फुटावर मोजतात, ते वेगळं विचारा. सरळ पट्ट्यांना 5 ते 8 टक्के माल वाया जातो, तिरक्या नक्षीला 10 ते 15 टक्के. याहून जास्त लावला असेल तर कारण विचारा. बिलावर लाकडाची जात, वरच्या थराची जाडी, गाभा कसला आणि बॅच नंबर लिहून घ्या. ‘वुडन फ्लोअरिंग’ एवढंच लिहिलेल्या बिलावर उद्या कुठलीच तक्रार टिकत नाही.

त्याच बॅचची एक पेटी जास्त घ्या. पुढे एखादी पट्टी बदलावी लागली तर तोच रंग, तीच जाडी आणि तीच खाच मिळणं कठीण असतं. ती पेटी बाल्कनीतल्या कपाटात किंवा स्लॅबला टेकलेल्या माळ्यावर टाकू नका, एका जागी ओल आणि दुसरीकडे उष्णता. शयनगृहात पलंगाखाली आडवी ठेवा. त्या पट्ट्या जमिनीवरच्या पट्ट्यांबरोबर त्याच हवेत राहतात, आणि बसवायची वेळ आली की आठवडाभर थांबावं लागत नाही.